एमबीटी-७० रद्द झाला, ते योग्यच झाले का?

मूळ धागा
अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांनी १९६३ मध्ये मिळून एमबीटी-७० हा एकच मुख्य रणगाडा घडवण्याचा करार केला. पुढे जर्मनी बाहेर पडला, अमेरिकेने एक्सएम८०३ या नावाने स्वस्त आवृत्ती करून पाहिली आणि १९७१ च्या डिसेंबरात तिचाही निधी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, बंद केला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, किंबहुना उशिराच झाला. अमेरिकेला ‘शिलेली’ नावाचे क्षेपणास्त्रही डागू शकणारी १५२ मिमी तोफ हवी होती, जर्मनांना १२० मिमीची. इंजिनावर एकमत नव्हते, आणि मापे इंचांत घ्यायची की मिलिमीटरांत, यावरसुद्धा वाद झाला. एका रणगाड्याची किंमत मात्र १० लाख डॉलरच्या घरात पोहोचली.

प्रतिसाद १
असहमत. किमतीचे मान्य, पण मूळ कल्पना खऱ्या होत्या. तोफेत गोळा भरणारे यंत्र आणि तीनच सैनिक ही एमबीटी-७० ची मांडणी सोव्हिएत टी-६४ रणगाड्याने त्याच दशकात सैन्यात आणून दाखवली. एमबीटी-७० चे सस्पेन्शन (चाकांवर सांगाडा पेलणारी यंत्रणा) तर असे होते, की उंचवट्याआड रणगाडा चक्क खाली बसवता येई. आणखी चार-पाच वर्षे धीर धरायला हवा होता.

धागाकर्ता
टी-६४ चा चालक नेहमीच्या जागी, पुढे बसतो. एमबीटी-७० मध्ये त्यालाही बुरुजात, म्हणजे तोफेसह फिरणाऱ्या वरच्या भागात, बसवले होते. बुरूज वळला की त्याची कोठडी उलट फिरायची, म्हणजे त्याचे तोंड पुढेच राहावे. प्रत्यक्षात बुरूज गरगर फिरू लागला, की चालकाला दिशेचे भान राहत नसे. शिवाय १५२ मिमी गोळ्याचे जळून जाणारे आवरण दमट हवेत फुगायचे, आणि फुगलेला गोळा तोफेत नीट बसत नाही. ज्या सैनिकांना यात बसून लढायचे होते, त्यांना धीर धरा असे सांगणे मला पटत नाही.

प्रतिसाद २
धागाकर्त्यांनी दाखवलेले दोष मान्य केले, तरी त्यावरून सारा प्रकल्प वाया गेला असे ठरत नाही. १९७९ मध्ये सेवेत आलेल्या लेपर्ड २ या जर्मन रणगाड्याचे इंजिन एमबीटी-७० च्या जर्मन नमुन्यातील इंजिनाचे पुढचे रूप आहे. अमेरिकेने एम१ अब्राम्स हा रणगाडा १०५ मिमी तोफेसह आणला खरा, पण १९८५ पासूनच्या एम१ए१ या त्याच्या पुढच्या आवृत्तीवर तिने जर्मनांचीच १२० मिमी तोफ बसवली. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की ही तोफ साठच्या दशकातच मान्य झाली असती, तर धागाकर्त्यांनी प्रकल्प बंद करण्याचीच बाजू घेतली असती का?