उत्तेजक द्रव्यांनी रक्तदाब वाढतो, तरी मूत्रपिंडांना रक्त कमी का मिळते?

प्रश्न

ॲम्फेटामिन किंवा कोकेन यांनी रक्तदाब चढतो आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. मग मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त वाढण्याऐवजी घटते असे का म्हणतात?

उत्तर १

आपण दाब आणि प्रवाह एकच धरले आहेत. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर, या दोन छोट्या अवयवांकडे जातो. ॲम्फेटामिन चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन हे रोहिण्या आकसवणारे रसायन बाहेर काढते, तर कोकेन त्याचे पुनर्ग्रहण, म्हणजे टोकांत परत शोषले जाणे, रोखते. दोन्हींचा परिणाम असा की मूत्रपिंडातील सूक्ष्म रोहिण्या आकसतात आणि दाब वाढूनही त्यांतून वाहणारे रक्त कमी होते. शिवाय चेतातंतूंची हीच उत्तेजना मूत्रपिंडातून रेनिन या विकराचा स्राव वाढवते, त्यातून अँजिओटेन्सिन हे रोहिण्या आकसवणारे संप्रेरक तयार होते आणि आकसण्यात आणखी भर पडते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला मुळातच प्राणवायू बेताचा मिळत असल्यामुळे टंचाईची झळ आधी तिथे लागते.

उत्तर २

वरील विवेचन योग्य आहे. मात्र गंभीर इजा बहुधा केवळ आकसण्याने होत नाही. मोठ्या मात्रेनंतर ताप भडकतो, शरीरातील पाणी घटते आणि स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते. आधीच रक्त कमी पोहोचत असलेल्या मूत्रनलिकांना, म्हणजे मूत्रपिंडातील लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नळ्यांना, ते बाधते. कोकेनमुळे मूत्रपिंडाच्या रोहिणीत गुठळी होऊन त्या भागातील ऊती मृत झाल्याचेही आढळले आहे. तेव्हा कुशीत अचानक तीव्र वेदना उठते आणि ती मुतखड्याची समजली जाण्याचा संभव असतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग कॅफीन आणि मिथाइलफेनिडेट (एडीएचडी या अवधानाच्या विकारावर दिले जाणारे उत्तेजक औषध) यांनाही हेच लागू पडते का?

उत्तर १

कॅफीनची गोष्ट वेगळी आहे. मूत्रपिंडात ॲडेनोसिन हे शरीरातलेच रसायन रक्त आत आणणारी सूक्ष्म रोहिणी आकसवते. कॅफीन त्याच ॲडेनोसिनला अडवते, म्हणून त्याने लघवी थोडी वाढते. मिथाइलफेनिडेट नेमून दिलेल्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब सरासरी काही मिलिमीटरच वाढतो आणि निरोगी मूत्रपिंड आपला प्रवाह स्वतः सांभाळते. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हे औषध सुरू करण्यापूर्वी तसे डॉक्टरांना सांगावे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके नियमित घेत असल्यास तेही सांगावे, कारण रोहिण्या सैल ठेवणारी प्रोस्टाग्लँडिने या गोळ्यांनी घटतात.