‘द ग्रेट एस्केप’ (१९८६): दुर्लक्षित अभिजात खेळ की केवळ स्मरणरंजन?

रात्रपाळी (धागालेखक)

लपूनछपून खेळायच्या व्हिडिओ गेम्सचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक १९९८ या वर्षापासून सुरुवात करतात. त्या एका वर्षात ‘तेंचू’, ‘मेटल गिअर सॉलिड’ आणि ‘थीफ’ असे तीन खेळ आले आणि अंधार, सावली, पावलांचा आवाज, पहारेकऱ्याच्या नजरेचा टप्पा ही या प्रकाराची परिभाषा पक्की झाली. थोडे मागे जाणारे लेखक १९८७ चा पहिला ‘मेटल गिअर’ किंवा सायलस वॉर्नर यांनी ॲपल टू संगणकासाठी लिहिलेला १९८१ चा ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ यांचा उल्लेख करतात. या दोहोंच्या मधल्या काळात, १९८६ साली, लिव्हरपूलच्या डेंटन डिझाइन्सने तयार केलेला आणि ओशन सॉफ्टवेअरने प्रकाशित केलेला ‘द ग्रेट एस्केप’ या वंशावळीत क्वचितच दिसतो. तो प्रकाशित झाला तेव्हा ब्रिटिश संगणक मासिकांनी त्याची भरभरून स्तुती केली होती. विसर पडला तो नंतर.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धातील एक जर्मन युद्धकैदी छावणी, तीन बाजूंना समुद्र, भोवती काटेरी कुंपण, मनोरे, सर्चलाइट आणि कुत्रे. खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम या तेव्हाच्या घरगुती संगणकाच्या ४८ किलोबाइट स्मृतीत मावणारा, एकरंगी, तिरक्या आयसोमेट्रिक मांडणीचा. नायकाला नाव नाही आणि १९६३ च्या त्याच नावाच्या चित्रपटातील एकही पात्र येथे येत नाही. छावणीत ठरावीक वेळी घंटा वाजते: हजेरी, न्याहारी, व्यायाम, झोप. सर्व कैदी त्यानुसार हलतात. आणि खेळाडूने काही वेळ कळफलकाला हातच लावला नाही, तर नायकही आपणहून रांगेत जाऊन उभा राहतो.

मला या खेळाचे मोठेपण याच एका गोष्टीत दिसते. येथे सर्वांत सुरक्षित आडोसा म्हणजे छावणीचे वेळापत्रक. जोपर्यंत तुम्ही जेथे असणे अपेक्षित आहे तेथे आहात, तोपर्यंत पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालत गेलात तरी तो वळूनही पाहत नाही. तोच मनुष्य चुकीच्या घटकेला त्याच वाटेवर दिसला तर पडद्याच्या कडेचे निशाण लाल होते आणि पाठलाग सुरू होतो. खेळाडूला त्यामुळे पहारेकऱ्यांची गस्त पाठ करण्याआधी छावणीचा दिवस पाठ करावा लागतो. व्यायामाची घंटा आणि त्यानंतरची हजेरी यांच्या मधल्या अवधीत कुंपणाजवळ जाऊन परत येता येईल का, असा हिशेब करायला लावणारा खेळ त्या काळात मला दुसरा ठाऊक नाही. या प्रकाराच्या इतिहासात त्याला पहिल्या ओळीत स्थान द्यावे, असे माझे मत आहे.

कर्णरेषा

कल्पना उत्तम होती यावर माझे दुमत नाही, परंतु कल्पनेला गुण देऊन खेळाला अभिजात ठरवता येत नाही. आज इम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) हा खेळ उघडणाऱ्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काय भेटते ते पाहावे. मांडणी तिरकी असल्यामुळे वर-खाली आणि डावी-उजवी या दिशा पडद्यावर कर्णरेषेत पडतात, त्यामुळे साध्या दारातून आत जाताना नायक चौकटीला घासत राहतो. हाती एका वेळी दोनच वस्तू ठेवता येतात. पकडले गेलात की त्या जप्त होऊन आपापल्या मूळ ठिकाणी परत जातात आणि तुम्ही एकांतकोठडीत बसून सुटकेची वाट पाहता. तेथे करण्यासारखे काही नाही. म्हणजे चुकीची शिक्षा कंटाळा आणि बरोबर खेळण्याचे बक्षीसही बराचसा कंटाळाच, कारण पुढच्या घंटेची वाट पाहणे हेच बहुतांश वेळ करायचे असते.

१९८६ साली कॅसेटवरून एक खेळ चढवायला काही मिनिटे लागत आणि मुलांजवळ मोजकेच खेळ असत, तेव्हा हा संथपणा खपून गेला. त्या सक्तीच्या चिकाटीला आज आपण खेळाचा गुण म्हणून गौरवत आहोत. लपण्याच्या खेळात खेळाडूला आपण का पकडले गेलो हे कळलेच पाहिजे. ‘थीफ’मध्ये अंगावर किती उजेड पडला आहे हे दाखवणारे रत्न पडद्यावर सतत असते. येथे रंग बदलणाऱ्या एका निशाणावर सगळी भिस्त आहे.

अर्धविराम

नियंत्रणाची तक्रार रास्त आहे, पण ती त्या पिढीतील जवळपास प्रत्येक आयसोमेट्रिक खेळाला लागू पडते. जॉयस्टिक किंचित तिरकी धरली की निम्मी अडचण जाते, हा उपाय तेव्हाही सर्वांना माहीत होता.

दोन वस्तूंच्या मर्यादेविषयी मात्र मी कर्णरेषा यांच्याशी असहमत आहे. ती मर्यादाच नियोजन करायला भाग पाडते. भुयारात अंधार असल्याने विजेरी लागते, मध्येच माती ढासळलेली असेल तर फावडे लागते, आणि विजेरी व फावडे घेतले की होकायंत्रासाठी हात उरत नाही. मग आदल्या दिवशी एखादी वस्तू पुढे नेऊन ठेवायची, तीही कोणाच्या लक्षात न येता. सगळे खिशात कोंबता आले असते तर छावणी म्हणजे नुसता वस्तू गोळा करण्याचा नकाशा झाला असता.

बखरकार

आतापर्यंतची चर्चा हा खेळ कसा चालतो याभोवती फिरते आहे. माझा आक्षेप तो काय सांगतो याला आहे. ज्या घटनेमुळे हे नाव जगभर परिचित झाले ती घटना म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतील सागान येथील श्टालाग लुफ्ट ३ या युद्धकैदी छावणीतून २४ मार्च १९४४ च्या रात्री झालेले पलायन. ७६ कैदी भुयारातून बाहेर पडले, ७३ पुन्हा पकडले गेले आणि त्यांपैकी ५० जणांना हिटलरच्या आदेशाने गोळ्या घालून मारण्यात आले. सुटले ते तिघे. हे नाव धारण करणारा खेळ मात्र पकडल्या गेलेल्या कैद्याला थोडा वेळ कोठडीत ठेवतो आणि पुन्हा सोडून देतो, जणू शाळेत वर्गाबाहेर उभे केले होते. असा प्रयत्न कितीही वेळा करता येतो.

यावर ‘तो शेवटी खेळ आहे’ असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. परंतु धागालेखक या खेळाला केवळ करमणूक म्हणत नाहीत. कैदेचा अनुभव त्याने नेमका पकडला असा त्यांचा एकूण सूर आहे. मग त्या अनुभवातील मृत्यूची भीती गाळून उरलेल्या दिनक्रमाला नेमकेपणा म्हणता येईल का?

रात्रपाळी

बखरकार यांचा आक्षेप गंभीर आहे म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे एकांतकोठडीची शिक्षा ही खेळकर्त्यांनी सोयीसाठी केलेली सूट नव्हे. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार पलायनाचा प्रयत्न करून पकडल्या गेलेल्या कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येत असे आणि अशा एका शिक्षेत कोठडीची मुदत ३० दिवसांहून अधिक असू शकत नसे. ब्रिटिश आणि अमेरिकी कैद्यांच्या छावण्यांत हा नियम युद्धाच्या बऱ्याच काळापर्यंत बहुतांशी पाळलाही गेला. म्हणून तर काही कैदी पुन:पुन्हा पळाले, पुन:पुन्हा कोठडीत गेले आणि पुन्हा बेत आखू लागले. सागानची हत्या इतकी हादरवणारी ठरली ती हा नियम उघडपणे मोडल्यामुळे. रेडक्रॉसची पार्सले, दिवसाकाठी होणाऱ्या हजेऱ्या, कोठडी, सुटका, पुन्हा प्रयत्न हे खेळातील चक्र त्या छावण्यांच्या वास्तवाशी जुळते. सोव्हिएत कैद्यांच्या वाट्याला जर्मन छावण्यांत जे आले त्याच्याशी ते मुळीच जुळत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. परंतु हा खेळ त्यांच्याविषयी असल्याचा दावाही करत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मृत्यू या खेळातून गाळलेला नाही. तो कुंपणाच्या पलीकडे ठेवलेला आहे. छावणीतून बाहेर पडताना तुमच्याजवळ काय आहे यावरून शेवट ठरतो. होकायंत्र आणि कागदपत्रे असतील तर तुम्ही सीमा पार करता. होकायंत्र नसेल तर वाट चुकून पकडले जाता, कागदपत्रे नसतील तर त्यापायी पकडले जाता. आणि पहारेकऱ्यांना फसवण्यासाठी घेतलेला जर्मन गणवेश बाहेर पडतानाही जवळ असेल, तर हेर ठरवून तुम्हाला गोळी घातल्याचा संदेश पडद्यावर येतो. जी वस्तू छावणीच्या आत सर्वांत उपयोगी, तीच बाहेर प्राणघातक ठरते. युद्धकैदी हा दर्जा आणि त्याचे संरक्षण कशावर टिकून असते हे खेळाने एकाही व्याख्यानाशिवाय, केवळ नियमातून सांगितले आहे. नंतरच्या कितीतरी खेळांत वेशांतर ही फक्त सोय आहे. तिची किंमत मोजायला लावणारे थोडेच.

कर्णरेषा

ही किंमत खेळाडूला आधी सांगितलेली नसते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. कित्येक तास खर्चून कुंपण ओलांडावे आणि मग गणवेश जवळ होता म्हणून खेळ संपावा, याला बोध म्हणायचे की अन्याय? ज्याने एकदा हा शेवट पाहिला तो पुढच्या वेळी गणवेश टाकून देईल आणि गोष्ट तेथेच मिटेल. नियमातून अर्थ सांगितला असे आपण म्हणता. मला तो दडवून ठेवलेला सापळा दिसतो.

बखरकार

जिनिव्हा कराराचा मुद्दा चर्चेला पुढे नेणारा आहे, परंतु त्यातूनच या खेळातील मोठी उणीव समोर येते. सागानचे पलायन हे एका चतुर माणसाचे काम नव्हते. तेथे ‘टॉम’, ‘डिक’ आणि ‘हॅरी’ अशी टोपणनावे दिलेली तीन भुयारे खणली जात होती आणि त्यांवर शेकडो कैदी राबत होते. पलंगांच्या फळ्या भुयाराला आधार द्यायला वापरल्या, दुधाच्या पावडरीच्या डब्यांपासून हवा खेळवण्याच्या नळ्या केल्या, खोदलेली वाळू विजारीत लपवलेल्या पिशव्यांतून मैदानावर सांडली. कोणी खोटे परवाने हाताने रेखाटत होते, कोणी गणवेशांचे नागरी कपडे शिवत होते, कोणी होकायंत्रे घडवत होते आणि बरेच जण फक्त पहाऱ्यावर नजर ठेवून होते. ज्यांची बाहेर पडण्याची पाळी येणारच नव्हती असेही त्यांत पुष्कळ होते.

खेळात यातले काय उरले? कागदपत्रे तयार ठेवलेली सापडतात. होकायंत्र सापडते. भुयारे आधीच खणलेली आहेत. इतर कैदी घंटेनुसार चालणाऱ्या आकृत्या आहेत आणि त्यांच्याशी नायकाचा एकच व्यवहार होतो: लाच दिली की त्यांतला एक जण पहारेकऱ्यांचे लक्ष वेधून घेतो. सहकैद्याने लाच घेऊन मदत करावी, ही कल्पना त्या इतिहासाशी मला विशेष विसंगत वाटते. ४८ किलोबाइटमध्ये सगळे मावणार नव्हते हे मान्य आहे. पण काय ठेवायचे आणि काय वगळायचे ही निवड स्मृतीने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे.

अर्धविराम

लाचेचा मुद्दा पटला. तरी इतर कैदी निव्वळ आकृत्या आहेत हे मला उणे वाटत नाही, कारण त्यांच्या गर्दीतच तर नायक लपतो. हजेरीला सर्व जण एका ओळीत उभे असताना आपला माणूस कोणता हे पडद्यावर क्षणभर कळत नाही.

तळटीप

धागालेखकांच्या ‘विसर पडला’ या विधानाला थोडी दुरुस्ती हवी. २००२ साली वाइड गेम्सने केलेला आणि कोडमास्टर्सने प्रकाशित केलेला ‘प्रिझनर ऑफ वॉर’ हा याच वाटेने गेला. त्यातही हजेऱ्या आहेत, दिनक्रम आहे आणि युद्धकैद्यांना ठेवण्यासाठी वापरलेला कोल्डिट्झचा किल्लाही आहे. २०१५ च्या ‘द एस्केपिस्ट्स’ने तर घंटा आणि वेळापत्रक यांवरच सगळी उभारणी केली, मात्र बहुतांश ठिकाणी युद्धछावणीऐवजी साधा तुरुंग घेतला. म्हणजे विस्मरण खेळाचे झाले, कल्पना टिकून राहिली. ज्याचे वंशज लोकप्रिय आहेत त्याला दुर्लक्षित म्हणावे का, हा प्रश्न मी येथे ठेवतो.

रात्रपाळी

तळटीप यांनी दिलेल्या उदाहरणांमुळे माझी बाजू बळकटच होते, कारण त्या दोन्ही खेळांनी एक गोष्ट सोडून दिली. ‘द ग्रेट एस्केप’मध्ये पडद्याच्या कडेला एक ध्वजस्तंभ आहे आणि त्यावरचे निशाण नायकाचे मनोधैर्य दाखवते. उपयोगी वस्तू हाती लागली की ते वर सरकते. पकडले गेलात, कोठडीत गेलात की खाली येते. ते तळाला पोहोचले की खेळ संपल्याची पाटी येत नाही. नियंत्रण तुमच्या हातून काढून घेतले जाते आणि नायक आज्ञाधारक कैदी होऊन दिनक्रम पाळत राहतो. घंटा वाजते, तो उठतो, हजेरीला जातो, खातो, झोपतो. तुम्ही कळा दाबत राहता आणि त्याला काही फरक पडत नाही. बखरकार मृत्यूच्या भीतीविषयी विचारत होते. कैदेत त्याहून हळू होणारी एक हार असते आणि ती या खेळाने दाखवली आहे. प्रयत्न कितीही वेळा करता येतो, हे त्यांचे विधानही यामुळे टिकत नाही.

बखरकार

हा भाग प्रभावी आहे. तरीही एक सांगावेसे वाटते. मनोधैर्य खचलेला कैदी म्हणजे पळण्याचा प्रयत्न सोडलेला कैदी, असे समीकरण येथे गृहीत धरलेले आहे. छावण्यांतील बहुसंख्य कैदी कधीच पळाले नाहीत. त्यांनी नाटके बसवली, वर्ग चालवले, परीक्षांचा अभ्यास केला, भाज्या लावल्या आणि वर्षानुवर्षे तग धरला. या खेळाच्या ध्वजस्तंभावर त्यांचे निशाण कोठे असेल?

कर्णरेषा

बखरकार विचारतात त्याचे उत्तर खेळातच आहे. जो खेळाडू काही करत नाही त्याचा नायक आपोआप दिनक्रम पाळतो आणि ज्याचे मनोधैर्य संपले त्याचाही नायक तेच करतो. पडद्यावर दोघे सारखेच दिसतात. धागालेखक याला सखोल अर्थ म्हणतील. मला वाटते, पात्र आपोआप चालवण्याची एकच प्रणाली लिहिलेली होती आणि तीच दोन्ही ठिकाणी वापरली गेली.