ग्लारुसमध्ये मुलाखतींचं शूटिंग: रोजचा दिवस कसा बसवायचा?

लालबागची_मृण्मयी
एप्रिलअखेर मी आणि कॅमेरामन स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसला निघालोय. तिथे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मतदार चौकात जमतात आणि मतकार्ड वर करून कॅन्टनचे (म्हणजे तिथल्या राज्याचे) कायदे, कराचा दर ठरवतात. आपल्या मुंबई महापालिकेच्या 227 नगरसेवकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली, मग कारभार प्रशासकाकडे गेला. गल्लीतलं गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, तेच कळेनासं झालं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. जेवण, बॅटऱ्या, भाषा कसं जमवायचं? जर्मनचा दुभाषी मुंबईतूनच नेतेय.

दादरचा_बूमवाला
मी तिथे ध्वनिमुद्रणाला होतो. दुभाषी तिथलाच घ्या. लोक स्विस जर्मन बोली बोलतात, इथे जर्मन शिकलेल्याला ती चटकन कळत नाही. विनंती केली तर प्रमाण जर्मन बोलतात, पण तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. बोलीतच बोलू द्या आणि त्याच रात्री सगळं मराठीत उतरवून काढा. उद्याचे प्रश्न त्यातूनच निघतात.

2006च्या सभेबद्दल जरूर विचारा. 25 पालिकांच्या 10 कराव्यात असा सरकारचा प्रस्ताव होता. एका नागरिकाने सभेत 3च करा असं सुचवलं आणि लोकांनी तेच मंजूर केलं! 2011पासून तीनच आहेत. ‘तुमच्या गावची पालिका गेली तेव्हा घरात काय बोलणं झालं?’ एवढं विचारल्यावर एक आजी थांबेचनात. लोकशाहीबद्दल मत विचारलं की मात्र दोन वाक्यांत आटोपतं.

मुलाखती सकाळी आठ-साडेआठला ठेवा, बाराला कार्यालयं जेवायला बंद होतात. चर्चची घंटा खिडकी लावली तरी माइकमध्ये येते, ती थांबली की प्रश्न विचारा. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणा. बाहेरचं जेवण फार महाग, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. मेतकूट, भाजणी आणि स्टीलचा लहान कुकर न्या. शेगडी इंडक्शनची निघाली तर अ‍ॅल्युमिनियमचा चालणार नाही.

सभेत मतं सहसा मोजत नाहीत, अध्यक्ष नजरेनेच बहुमत ठरवतात. त्या वेळी एक लेन्स त्यांच्या चेहऱ्यावर हवीच.

कॅमेरा_भाड्याने_परळ
सामानाचं कार्ने (सामान परदेशात तात्पुरतं, शुल्क न भरता नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र) फिक्की या उद्योग महासंघाकडून करून घ्या. त्यावर कस्टम्सचा शिक्का सहार विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी, आणि झुरिकला उतरल्यावर पुन्हा. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. 100 वॉट-अवरच्या वरच्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. बारीक दोन गोल पिनांचा प्लग तिथे बसतो, आपला तीन पिनांचा नाही. वीज 50 हर्ट्झच आहे, त्यामुळे दिवे लुकलुकू नयेत म्हणून कॅमेऱ्याचं शटर इथल्यासारखंच 1/50 सेकंद.

लालबागची_मृण्मयी
दुभाषी बदलते. तिथे 2007पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं. या मुलांशी बोलायचं तर?

दादरचा_बूमवाला
सभेच्या आधीच्या आठवड्यात गाठा, त्या रविवारी कुणालाच सवड नसते. लेखी संमती घ्या, पालकांचीही. आणि दोघा-तिघा मित्रांना एकत्र बसवा, एकट्याला कॅमेऱ्यापुढे बोलणं जड जातं.