बांधावर कासवाची अंडी सापडली. उबवणीच्या मशीनला लावावीत का?

गोदाकाठचा
मागच्या आठवड्यात चांदोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत पाइपासाठी चारी उकरत होतो. बांधालगत फावड्याखाली सात अंडी आली. पांढरी, गोल, लिंबापेक्षा लहान, कवच टणक. एक फुटलंच. नदी दोनशे पावलांवर आहे आणि मऊ पाठीची कासवं इथे नेहमीची, त्यांचीच असणार. शेजारी पोल्ट्रीवाले आहेत, ते म्हणाले, "आण इकडे, मशीनला लावतो, पिल्लं निघाली की नदीत सोडू." मी नाही म्हटलं आणि माती परत लोटली. तेव्हापासून गावात मीच निर्दयी. माझं मत ठाम आहे: कासवाची अंडी माणसाने उबवूच नयेत.

खुराडा
तो शेजारी मी नव्हे, पण धंदा तोच. भाऊ, निफाडात पारा पाच-सहावर आला की घड वाचवायला तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता. घडांना ऊब आणि अंड्यांनी मात्र काकडायचं? मशीनमध्ये 37.5 अंश, ओल पन्नास-साठ टक्के, तासातासाला ट्रे कलतो. तुमच्या बांधावर मुंगूस, कोल्हा, रोटाव्हेटर. कुठे जास्त जगतील, सांगा.

वेळास रिटर्न
37.5 मध्ये पिल्लं नाही, उकडलेली अंडी निघतील. समुद्री कासवांच्या घरट्यात 35 च्या वर बराच काळ गेला की गर्भ मरायला लागतात. आणि तो कलणारा ट्रे तर घातच. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. कासवाच्या अंड्यात गर्भाने वरच्या बाजूला चिकटणं हीच तर गरज. पहिल्या दिवसानंतर अंडं उलटलं तर आतलं नाजूक आवरण फाटतं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी हलवतात ती घातल्यापासून काही तासांत, आणि पुन्हा तेवढ्याच खोल खड्ड्यात, तशाच दमट वाळूत पुरतात. बल्ब नाही, मशीन नाही.

खुराडा
हलवतात ना पण? 2002 पासून माणसंच हलवताहेत. मग "माणसाने उबवूच नयेत" कुठे राहिलं?

गोदाकाठचा
पकडलंत. "उबवूच" मागे घेतो. तिथे कोल्ह्या-कुत्र्यांचा आणि भरतीचा धोका होता, म्हणून हलवली. पण उबवते वाळूच.

काचपेटी
बऱ्याच कासवांत नर की मादी हे अंड्याला मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं, ते कोणीच बोललं नाही. लाल कानाचा स्लायडर हे कासव घ्या (पाळा असं म्हणत नाहीये, सोडलेले स्लायडर आपल्या तळ्यांची वाट लावतात). 26 अंशांना सगळे नर, 31 ला सगळ्या माद्या. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांवर 2018 मध्ये अभ्यास आला, तरुण कासवांत 99 टक्क्यांहून जास्त माद्या. वाळूच तापलीय. उद्या बांध तापला तर तुमची "उबवणारी माती" काय करणार?

वेळास रिटर्न
मुद्दा खरा, पण या अंड्यांना लागू नाही. मऊ पाठीच्या कुळात नर-मादी जनुकांवर ठरतं, उष्णतेवर नाही. थंडीचंही तसंच. मागच्या पायांवर पडदे असलेलं जे कासव आपल्याकडे दिसतं, त्याचा गर्भ सुरुवातीलाच थबकून राहू शकतो, पिल्लं कित्येक महिन्यांनी निघतात. शिवाय वीतभर खाली माती हवेइतकी गार होत नाही. मला काळजी ओलीची आहे. समुद्री कासवाच्या चामड्यासारख्या कवचाचं अंडं मातीतलं पाणी पिऊन फुगतं. तसल्या कवचाच्या काही जातींत माती कोरडी राहिली तर पिल्लू लहान निघतं आणि पोटात बलक शिल्लक राहतो. टणक कवचाला तेवढी तहान नसते, पण काळ्या मातीत पाणी साचलं की हवा बंद होते आणि गर्भ आतल्या आत गुदमरतो. ठिबकचा ड्रिपर किती लांब आहे?

गोदाकाठचा
आत्ता जाऊन बघितलं. दीड हात. माती मुठीत दाबली तर लाडू वळला, सोडला तरी फुटेना.

वेळास रिटर्न
मग तो ड्रिपर आजच बंद करा आणि चारी दुसरीकडून न्या. अंड्यांना हात लावू नका, आधीच एकदा हलली असतील.

खुराडा
आणि मे महिन्यात त्याच मातीला भेगा पडतील, तेव्हा? हा माणूस पाऊस येईपर्यंत बांधावर बसणार का?

गोदाकाठचा
ते मलाही सुटलेलं नाही. वनविभागाच्या 1926 ला फोन केला, उद्या माणूस येतोय. ही कासवं कायद्याने संरक्षित आहेत, घरी नेली असती तर आपणच अडकलो असतो. तोवर द्राक्षाचा रिकामा क्रेट पालथा घातलाय.

खुराडा
माझं मत आहे तिथेच आहे. पण क्रेटवर दगड ठेवा. मुंगूस नुसता क्रेट उलथवतं, माझ्या शेडमध्ये रोज बघतो.