जॅकल कुणाचा भारी: झिनेमनचा की आताच्या मालिकेचा?

कोल्हेकुई

(दोन्हींचा रहस्यभेद आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला बोल लावू नका.)

एडी रेडमेनची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही २०२४ ची दहा भागांची मालिका एकदाची संपवली. चित्रीकरण देखणं, रेडमेन झकास, पहिला भाग तर जागचं हलू देत नाही. तरीही माझं मत ऐका: १९७३ च्या सिनेमाचा जो प्राण होता तोच हिने काढून टाकलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्जीरिया सोडून दिला म्हणून फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर डूख धरलेली ओएएस नावाची गुप्त संघटना होती. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. हे खरं घडलेलं आहे. टायर फुटले, पण द गॉलना ओरखडाही आला नाही. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला पुढच्या मार्चमध्ये गोळ्या घालून देहदंड दिला. इथून पुढे फ्रेडरिक फोर्साइथची कल्पना (कादंबरी १९७१ ची): आपला प्रत्येक माणूस पोलिसांच्या नजरेत आहे म्हटल्यावर ओएएस बाहेरून भाडोत्री मारेकरी आणते, पाच लाख डॉलर देऊन. त्यावरचा सिनेमा फ्रेड झिनेमनने केला.

आता कलिंगडाचा प्रसंग आठवा. सिनेमातला जॅकल, म्हणजे तो मारेकरी झालेला एडवर्ड फॉक्स, रानात गाडी थांबवतो, जाळीच्या पिशवीतलं फळ झाडाला टांगतो, त्यावर रंगाने चेहरा काढतो. लांब जाऊन एक गोळी झाडतो. दुर्बिणीतून बघतो, पेचकसाने स्क्रू किंचित फिरवतो. पुन्हा गोळी, पुन्हा स्क्रू. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करताना माणसाच्या चेहऱ्यावर जेवढी एकाग्रता असेल तेवढीच, जास्त नाही. पार्श्वसंगीत नाही. नेम बसल्यावर खिशातून वेगळी गोळी काढतो, फुटणारी, आणि त्या चेहऱ्याच्या चिंधड्या उडतात. पुढे काय होऊ घातलंय ते एकही शब्द न बोलता कळलं.

हा कोण, कुठला, पैशापलीकडे त्याला काय हवंय, सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. तो मेल्यावर ज्याच्या नावाने पोलीस त्याला ओळखत होते तो खरा माणूस लंडनमध्ये आपल्या घरी धडधाकट हजर होतो आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत राहतात. मालिकेत मात्र याला स्पेनमध्ये समुद्रकाठी बंगला, नुरिया नावाची बायको, कडेवर लेकरू, सासू, मेहुणा आणि वर अफगाणिस्तानातल्या लष्करी दिवसांचा भूतकाळ. जितकं सांगितलंय तितका तो लहान होत गेलाय.

तिरपागडे

साफ असहमत.

सव्वादोन तासांच्या सिनेमात माणूस कोरा ठेवणं जमतं. दहा भाग कोरा ठेवून दाखवा बरं. तिसऱ्या भागात तुम्हीच धागा काढला असता, ‘याला काही मनबिन आहे की नाही?’ म्हणून.

आणि त्या कोरेपणाची किंमत कुणी मोजली तेही बघा. कोलेत नावाची सरदार घराण्यातली बाई याच्यावर भाळते, आपल्या वाड्यात आसरा देते, आणि पोलीस येऊन गेल्याचं तिच्या तोंडून कळताच हा तिला मारून टाकतो. सिनेमा क्षणभरही थांबत नाही तिच्यासाठी. देल्फिन सेरिगसारखी अभिनेत्री घेऊन! ओएएससाठी माहिती चोरणारी दनीज तेवढीच, काम झालं की पडद्याआड.

‘हा कोण?’ हा प्रश्न १९७३ मध्ये शेवटी पोलीस विचारतात, तेही मुडदा पडल्यावर. मालिकेत तो नुरिया विचारते. जिला उत्तर मिळायचा हक्क आहे अशा माणसाच्या तोंडी तो प्रश्न दिलाय. माझ्या मते ही सुधारणा आहे.

खडूस काका

तिरपागडे, कोलेतबद्दलचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. सिनेमा थांबत नाही कारण *तो* थांबत नाही. तुम्हाला जी चीड आली ती दिग्दर्शकाने आणलेली आहे, बाबा.

एक जुनी गोष्ट. द गॉल नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या गावच्या घरी नैसर्गिक मरणाने गेले. पुस्तक आलं १९७१ ला. म्हणजे पहिल्या पानापासून वाचकाला पक्कं ठाऊक की हा कट फसणार. तरी हातातून पुस्तक सुटत नाही. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत त्याच्या पिवळ्या पडलेल्या प्रती कायम असायच्या आणि टिकायच्या नाहीत. उलट मालिकेत ज्याची सुपारी दिलीय तो उद्योगपती मरेल की वाचेल हे मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि मध्यापर्यंत मला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. ‘काय होणार’ यावर भिस्त ठेवली की असं होतं. ‘कसं होणार’ यावर ठेवा.

आणि लेबेलबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? सिनेमात जॅकलचा माग काढणारा, मायकेल लॉन्सडेलचा तो झोप न मिळालेला पोलीस अधिकारी. मंत्र्यांच्या रोजच्या बैठकीतून बातमी फुटतेय हे त्याने ओळखलेलं असतं. एके दिवशी तो सगळ्यांसमोर टेप लावतो, त्यातला आवाज टेबलाभोवती बसलेल्यांपैकीच एकाचा. तो गृहस्थ मुकाट उठून जातो. मग विचारणा होते, कुणाचा फोन ऐकायचा हे तुला कसं कळलं? लेबेल म्हणतो, कळलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच ऐकले. बैठकीत सन्नाटा. असा एक प्रसंग मालिकेतून काढून दाखवा, मी शब्द मागे घेतो.

दुपारची झोप

काका, लेबेल मलाही प्रिय, पण ती सगळी कागदाची दुनिया होती. मारेकरी दफनभूमीत जातो, आपल्या वयाच्या आसपास जन्मून बालपणीच गेलेल्या पोराचं नाव टिपून घेतो, जन्माचा दाखला काढतो, त्यावर पासपोर्ट मिळवतो. ब्रिटनमध्ये ही फट इतकी खरी होती की असल्या फसवणुकीला पुढे जॅकलचंच नाव पडलं. दुसरीकडे हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाने भरलेली कार्डं फ्रेंच पोलिसांकडे जमा होतात. ती चाळून नाव सापडेपर्यंत हा पुढच्या गावी. सिनेमातला सगळा थरार त्या काही तासांच्या अंतरात आहे.

ते अंतर आज कुठून आणणार? कॅमेरे, बोटांचे ठसे, फोनचं ठिकाण. खोट्या पासपोर्टवरचा थरार आज कुणी घेतला तर पोरंटोरं हसतील. म्हणून मालिका लिहिणाऱ्याने शोधलं की आजच्या घडीला असा माणूस नेमका कुठे उघडा पडू शकतो. घरी! सरकारला चकवता येतं, बायकोला नाही. रोनान बेनेटने त्या कुटुंबाचं लोढणं उगाच नाही बांधलंय त्याच्या गळ्यात.

कोल्हेकुई

@दुपारची झोप, युक्तिवाद सुंदर. पण मग तेवढ्याच कसोशीने लिहायचं ना! प्रत्यक्षात काय होतं? हा कुठल्यातरी देशात माणूस टिपायच्या तयारीत, तिकडून फोन, इकडून थाप. पुन्हा फोन, पुन्हा थाप. दुसऱ्यांदा मजा येते, चौथ्यांदा मी घड्याळ बघत होते. पाठलाग करणाऱ्या बियांकालाही तेच: एमआय सिक्स या ब्रिटिश हेरखात्यात नोकरी, घरी नवरा आणि मुलगी वैतागलेले. दोघं एकाच माळेचे मणी हे एकदा कळलं की पुरे. दर भागात ठोकून ठोकून कशाला सांगायचं?

आणखी एक. झिनेमनने मुद्दाम फारसा ओळखीचा नसलेला नट घेतला. फॉक्स गर्दीत शिरला की खरंच हरवतो. रेडमेन ऑस्करविजेता, त्याला तुम्ही गर्दीत पाठवला तरी प्रेक्षक त्यालाच शोधत बसणार.

तिरपागडे

म्हणूनच पहिल्या भागात तो म्युनिकमधल्या म्हाताऱ्या सफाई कामगाराच्या वेशात येतो, आणि मेकअप उतरेपर्यंत मला तरी पटलं नव्हतं की तो रेडमेन आहे. त्या प्रसंगाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. तिथून पुढे साडेतीन किलोमीटरहून जास्त अंतरावरून जर्मन पुढाऱ्याला टिपण्यापर्यंत जे काही चालतं, ते तुमच्या कलिंगडाच्या तोडीस तोड आहे. सुट्या भागांत मोडून प्रवासी बॅगेत लपवलेली रायफल, ती जोडणं, वाट बघणं. पद्धत तीच.

सांजपावली

मला बियांकावरच बोलायचंय. बंदूक बनवणाऱ्याचा माग काढायला ती एका बाईच्या मुलीला प्यादं करते, आणि त्या मुलीचा जीव जातो. वरिष्ठ तिला पाठीशी घालतात. मग वाईट कोण, पैसे घेऊन मारणारा की पगार घेऊन मरू देणारी? जुन्या सिनेमात हा प्रश्नच नाही. तिथे एक पोलीस, एक खुनी, मामला खतम. बाळबोध.

खडूस काका

बाळबोध?? वोलेन्स्की विसरलात की काय?

ओएएसच्या त्या निरोप्याला फ्रेंच गुप्तहेर उचलून आणतात, खुर्चीला बांधतात, विजेचे झटके देतात. त्याच्या विव्हळण्याची टेप दुसऱ्या खोलीत लोक शांतपणे ऐकत बसतात, शब्द लावत. त्यातूनच ‘जॅकल’ हा शब्द हाती येतो. माणूस मेला, माहिती मिळाली. म्हणजे लेबेलचा सगळा तपास त्या खुर्चीवर उभा आहे, आणि आपण दोन तास लेबेलच्या बाजूने बसतो. कुणीही त्यावर भाषण ठोकत नाही. सांजपावली, भाषण नाही म्हणून प्रश्न नाही असं नसतं.

सांजपावली

वोलेन्स्की आठवतो, काका. पण लेबेलचे हात त्यात नाहीत ना? ती खोली वेगळी, माणसं वेगळी. नायक स्वच्छ राहावा म्हणून घाण दुसऱ्याच्या खात्यावर टाकलीय. मालिकेत ती नायिकेच्या स्वतःच्या हाताला लागते. मला हे जास्त प्रामाणिक वाटलं.

चणेफुटाणे

मी चणे घेऊन बसलोय, चालू द्या.

ब्रूस विलिसच्या टोपांबद्दल कुणीच का बोलत नाही? १९९७ चा ‘द जॅकल’. रिचर्ड गिअर आयरिश, विलिस दर पाच मिनिटांनी नवीन केसांत, आणि शेवटी दुरून चालवायची तोफेएवढी बंदूक. फोर्साइथ आणि झिनेमन दोघांनीही मूळ नाव वापरायला हरकत घेतली होती, म्हणून ते आखूड नाव. त्याच्या शेजारी ठेवलं तर रेडमेनची मालिका अभिजात वाङ्मय आहे.

करवंद

विलिसवर वेळ घालवण्यापेक्षा १९८८ चा मल्याळम ‘ऑगस्ट १’ बघा. सिबी मलयिलचा. मुख्यमंत्र्यांना मारायची सुपारी, मारेकरी कॅप्टन राजू, शोधणारा मामुट्टी. कथा परदेशी पण राजकारण अस्सल घरचं. कुणाला बायकापोरांची फोडणी घालावी लागली नाही.

कोल्हेकुई

करवंद, यादीत टाकला.

@सांजपावली, लेबेल स्वच्छ राहतो हे खरं, पण सिनेमा त्याला विजयही देत नाही. शेवट बघा. २५ ऑगस्ट, पॅरिसच्या मुक्तीचा दिवस, कुबडीत रायफल लपवून आलेला एक पायाचा ‘म्हातारा सैनिक’. द गॉल पदक लावून समोरच्याच्या गालाला गाल लावायला वाकतात आणि गोळी डोक्यावरून जाते. फ्रेंच माणूस पदक देताना असं करतो हे परदेशी मारेकऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात लेबेल दार फोडून आत येतो. म्हणजे एवढी तयारी, देशभराचा पोलीस बंदोबस्त, आणि निकाल लागतो एका रीतिरिवाजावर. नंतर मारेकऱ्याला निनावी कबरीत पुरतात, सोबत एकटा लेबेल.

मालिकेत? बियांका मरते, जॅकल सुटतो. का सुटतो? तर पुढचा सीझन मंजूर आहे. त्याला नियतीने नाही, करारपत्राने वाचवलाय.

तिरपागडे

करारपत्र असेल, पण परिणाम बघा ना. तो परत येतो तेव्हा बंगला रिकामा, नुरिया पोराला घेऊन निघून गेलेली. त्याला जिवंत ठेवून जे काढून घ्यायचं ते काढून घेतलंच की. कबरीपेक्षा ही शिक्षा मला कमी वाटत नाही. सिनेमाच्या जॅकलकडून काढून घ्यायला काही नव्हतंच, म्हणून त्याला नुसतं मारावं लागलं.

कोल्हेकुई

काढून घेण्यासारखं काही नसलेला माणूस जास्त भीतीदायक असतो, हेच तर मी पहिल्या प्रतिसादापासून बोंबलतेय!

नवखा_पुणे

वाचनमात्र होतो. दोन्ही पाहिलेलं नाही, रहस्यभेद सगळे वाचून झाले. आता आधी काय बघू?

खडूस काका

आधी सिनेमा. शेवट माहीत असल्याने काही बिघडत नाही, वर सांगितलंच. आणि मालिका लगेच दुसऱ्या दिवशी लावू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. नाहीतर रेडमेनवर फुकट अन्याय व्हायचा.