गाईड बघून मारलेला बॉस धरायचा का?

विश्रामबागकर:
आमच्या सांगलीच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपलीय. 'सेकिरो' या तलवारबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये गेनिचिरो या बॉसपाशी (म्हणजे वाट अडवणाऱ्या तगड्या शत्रूपाशी) अडलं की पोरं लगेच यूट्यूबवर त्याला कसं मारायचं याचा व्हिडिओ, म्हणजे गाईड, लावतात. बॉस पडतो, स्क्रीनशॉट येतो, पुढच्या बॉसला परत यूट्यूब. असा मारलेला बॉस मी धरत नाही, म्हणजे जिंकला असं मोजत नाही.

गेनिचिरोचंच बघा. मोठा वार यायच्या आधी स्क्रीनवर लाल चिन्ह उमटतं. पण ते भोसकण्याला तेच, पायाशी फिरवलेल्या वाराला तेच. भोसकायला आला तर पुढं सरकून त्याच्या पात्यावर पाय द्यायचा (मिकिरी), खालून तलवार फिरवली तर उडी. उंच उडी मारून खाली आला की दोन्हींतलं काहीही करू शकतो. म्हणजे चिन्ह सोडून पात्याचं टोक बघायला शिकावं लागतं, आणि ही नजर मरून मरूनच तयार होते. व्हिडिओतला माणूस 'आता उडी' म्हणाला की टोक बघायचं कामच उरत नाही.

मिरजेची_नाईट_शिफ्ट:
दादा, रात्रपाळी करून आल्यावर, स्वयंपाक उरकून, पोरगी शाळेत गेली की मला जेमतेम तासभर मिळतो. त्यात गेनिचिरोचं टोक बघत बसू? तुमचा संयम म्हणजे मोकळा वेळ आहे हो, दुसरं काही नाही.

आणि अवघड गेममध्ये सवलत दिली की मजा जाते हेही खोटं. 'सेलेस्ट' (२०१८) काही सोपा गेम नाही. त्यात असिस्ट मोड आहे, वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो. मी उतरवला, हात बसल्यावर परत चढवला. कुणाचं काय गेलं?

आखाड्याची_माती:
मी कवठेपिरानचा, हिंदकेसरी मारुती मान्यांच्या गावचा, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे. तालमीत वस्ताद डाव दाखवतोच की. वस्तादानं दाखवला म्हणून ढाक मारलेली कुस्ती पैलवानाची राहत नाही का? यूट्यूब हा आजच्या पोरांचा वस्तादच समजा.

विश्रामबागकर:
@आखाड्याची_माती भाऊ, तिथंच फरक आहे. समोरचा पैलवान जिवंत असतो, तुमचा डाव ओळखून प्रतिडाव टाकतो. वस्तादानं कितीही सांगितलं तरी मातीत डोकं तुमचंच चालवावं लागतं. बॉसकडं ठरलेले चार-सहा वार. ते ओळखणं हाच सगळा खेळ. तेच आधी सांगून टाकलं तर उरलं काय?

अजिंक्यताऱ्याखाली:
उरलं बोटांचं काम, आणि खरं अवघड तेच. साताऱ्यातून 'एल्डन रिंग'वाल्याचा नमस्कार. त्यातला मार्गिट हा बॉस काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो, मग हाणतो. हे सगळ्या दुनियेला माहीत आहे. मीच चारजणांना समजावून सांगितलंय. तरी काठी वर गेली की माझा अंगठा आपोआप रोलचं (कोलांटी मारून वार चुकवायचं) बटण दाबतो आणि रोल संपता संपता काठी डोक्यात. माहीत असणं आणि थांबता येणं यात गाईड काडीची मदत करत नाही. म्हणून तुमचा 'धरत नाही' हा निकाल मला पटत नाही.

तीस_लाइफ:
वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं असा चीट कोड दाबून, तीस लाइफ घेऊन 'कॉन्ट्रा' गेम संपवलेली पिढी आता पोरांना संयम शिकवणार 😂

विश्रामबागकर:
@तीस_लाइफ गप्प बस लेका 😄

@अजिंक्यताऱ्याखाली अंगठ्याचं मान्य. मग निदान एवढं करा, पहिला दिवस बॉसला स्वतःच्या डोळ्यांनी बघा, व्हिडिओ नंतर.

मिरजेची_नाईट_शिफ्ट:
आता 'निदान' आलं. सकाळी 'धरत नाही' होतं.

आणि बॉसच चुकीचा बनवला असेल तर? 'सिल्कसाँग' हा गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला आणि त्याच महिन्यात तो बनवणाऱ्या टीम चेरीनं पॅच (दुरुस्ती) काढून मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस थोडे सोपे केले. बनवणाऱ्यांनाच कमी करावंसं वाटलं. त्याआधी डोकं आपटणाऱ्यांनी संयम दाखवला की नुसताच वेळ घालवला, सांगा.

कृष्णाकाठचा:
भांडण बाजूला ठेवून एक कामाचं सांगतो. चिडचिड होते ती मरण्यानं नाही, हावेनं होते. एक वार बसला की दुसरा मारायला जातो आणि तिथंच खातो. 'हॉलो नाइट' गेममधल्या मँटिस लॉर्ड्स या बॉस बहिणींना मी सुरुवातीला हातच लावत नव्हतो. नुसतं चुकवायचं. वार तीनच आहेत : आडवी धाव, वरून सूर, आणि भिंतीला चिकटून फेकलेलं परत येणारं हत्यार. आधी एकटी लढते, ती हरली की दोघी एकदम उतरतात, पण वार तेच तीन. एकटीचे नीट चुकवता यायला लागले की दोघींना घाबरायचं कारण उरत नाही. डोकं तापलं की बंद करून सरळ झोपायचं. दुसऱ्या दिवशी हात जास्त शहाणा असतो, हा माझा तरी अनुभव.

अजिंक्यताऱ्याखाली:
नुसतं चुकवायचं हे 'हॉलो नाइट'ला ठीक, गेनिचिरोला हे करून बघा. लांब राहिलात की तो धनुष्य काढतो, आणि तुमच्या माऱ्यानं भरत आलेली त्याची पोश्चरची पट्टी (तोल किती ढळला ते दाखवणारी) आरामात उतरते. तिथं अंगावरच जावं लागतं.