विषय: नखं काढलेल्या मनीला बाहेर सोडावं का?

एडिसनहून:

नमस्कार मंडळी,
आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या गणपती-वर्गणीच्या मेलांमध्ये हा भलताच प्रश्न घुसवतेय, सांभाळून घ्या. शेल्टरमधून आणलेल्या आमच्या मनीची पुढच्या पंजांची नखं आधीच्या मालकांनी काढून टाकली आहेत. दिवसभर डेकच्या काचेला नाक लावून बसते, पक्षी दिसला की दात कटकटवते. सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांचं रोजचं पालुपद, "मुक्या जिवाला कोंडून का ठेवलंय?" बॅकयार्डला लाकडी कुंपण आहे. थोडा वेळ सोडली तर चालेल का?

पार्सिपनीहून:

मोकळी अजिबात सोडू नकोस गं. त्या ऑपरेशनात नुसती नखं जात नाहीत, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापतात. (न्यूयॉर्कने २०१९ मध्ये यावर बंदी घातली, ती उगाच नाही.) मागच्या पायांच्या जोरावर मनी कुंपण कदाचित ओलांडेलही. पण पलीकडे कुत्रा किंवा लांडग्यासारखा कायोटी भेटला, तर पंजा मारून त्याला हटवणं नाही की सरसर झाडावर चढणं नाही. उरतात फक्त दात, आणि ते कामी येणार शत्रू अंगावर आल्यावर.

तरी तिला बाहेर नेता येतं. आमचा बोकाही असाच बिननखांचा आहे, रोज हार्नेस घालून अंगणात जातो. नुसत्या गळपट्ट्याला दोरी लावू नकोस. मांजर घाबरलं की पुढे पळत नाही, मागे मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढून घेतं. जॅकेटसारखा, गळ्याभोवती आणि पोटाखालून बंद होणारा हार्नेस घे. आत जेमतेम दोन बोटं शिरतील इतका घट्ट हवा. आधी घरातच जेवणाच्या वेळी घाल. सुरुवातीला फतकल मारून आडवी पडेल, मागचे पाय लुळे पडल्यासारखं नाटक करेल. घाबरू नकोस, खाऊ दाखव.

दारातून चालवत कधीच नेऊ नकोस, नाहीतर दार उघडलं की निसटायची सवय लागते. कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत, घालून ने आणि कॅरिअर तिथेच उघडा ठेव. पानं उडवायचं यंत्र सुरू झालं की आमचा बोका थेट कॅरिअरमध्ये शिरतो. आणि दोरी खांबाला बांधून स्वयंपाकघरात जायचं नाही, टोक सतत आपल्या हातात.

एडिसनला, वुडब्रिजहून:

आमच्या साताऱ्याच्या घरी मांजरं कौलांवरून गावभर हिंडायची. कसला हार्नेस न् काय! मांजर दोरीने फिरवायचं म्हणजे शेजारी हसतील.

पार्सिपनीहून:

काका, कौलांवरच्या त्या मांजरांना नखं होती. आणि त्यातली म्हातारी होईपर्यंत किती टिकली, तेही आठवून बघा. शेजारी हसू देत की.

मनीच्या आईसाठी आणखी थोडं. त्या बोटांना खडी, वाफ्यातल्या झाडाच्या सालींचा थर (मल्च) टोचतो, उन्हाळ्यात डांबर भाजतं. गवतावरच उतरव. अंगणात लिली किंवा डेलिली असेल तर उपटून टाक. पराग अंगावर पडून चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. रेबीजची लस आणि मायक्रोचिप आधी उरकून घे. पिसवा-गोचिडांचं औषध व्हेटकडूनच आण. कुत्र्यांच्या औषधातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

एडिसनहून:

ताई, खूप आभार! लिली आहेच आमच्याकडे, संध्याकाळीच काढते. डेकवर कायमचा पिंजरा करून घेतला तर? आमच्या एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनचं, काय म्हणणं पडेल देव जाणे.

पार्सिपनीहून:

आधी त्यांची लेखी परवानगी घे, मगच सुतार बोलाव. मच्छरदाणीची जाळी नको, कोंबड्यांचीही नको. रॅकूनसारखं जंगली जनावर त्यातून हात घालतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लाव, वरूनही बंद कर. आत उंच उंच फळ्यांपेक्षा उतरता रॅम्प दे आणि त्यावर जुन्या गालिच्याचे तुकडे ठोक. गुळगुळीत लाकडावर तिचे पुढचे पाय घसरतील.

आमच्याकडे एक जास्तीचा हार्नेस पडून आहे. रविवारी मराठी शाळेत घेऊन येते, तेवढं मनीच्या छातीचं माप कळव.